माळाला 'पडीक' कोणी ठरवलं? वनस्पतींचं वर्गीकरण म्हणजे नक्की काय, सोप्या भाषेत

जून-जुलै आला की दरवर्षी त्याच बातम्या. अमुक शाळेने इतकी रोपं लावली, तमुक कंपनीच्या लोकांनी डोंगरावर येऊन खड्डे घेतले, मग फोटो, टोप्या, बॅनर. 2017 ते 2019 या तीन वर्षांत आपल्या राज्यात 4 कोटी, 13 कोटी आणि 33 कोटी असं मिळून 50 कोटी झाडांचं टार्गेट होतं ते आठवत असेल. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्यावर मला काही म्हणायचं नाही. मीही शाळेत असताना गावच्या माळावर खड्डे खणलेत आणि त्यात निलगिरी आणि सुबाभूळ लावलीये.

पण मागच्या काही वर्षांपासून वनस्पतीशास्त्राचे लोक जीव तोडून सांगतायत की बाबांनो थांबा, माळावर आणि सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, झाडं लावू नका. लोक गोंधळून जातात. झाडांचा अभ्यास करणाराच झाडं लावू नका म्हणतो, हे काय? माझंही तसंच झालं होतं. मग एका पावसाळ्यात अशा अभ्यासकांसोबत चार दिवस माळावर गुडघ्यावर बसून गवत मोजायला गेलो आणि तेव्हा कळलं की भांडण झाडांवरून नाहीच मुळी. भांडण आहे ते जमिनीला आपण काय नाव देतो त्यावरून.

आधी सातबारा आठवा

सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असा शब्द असतो, म्हणजे शेतातली लागवडीला न येणारी जमीन. तो शब्द एकदा पडला की त्या तुकड्याकडे बघायची नजरच बदलते, मुरूम काढा, रस्ता काढा, काहीही करा, खराबाच आहे तो. तिथे काय उगवतं, कोणता पक्षी अंडी घालतो हे सातबाऱ्यात कुठेच येत नाही कारण ते त्याचं कामच नाही.

असंच देशपातळीवर होतं. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, 2019 च्या आवृत्तीप्रमाणे देशातली जवळपास 5.57 कोटी हेक्टर, म्हणजे सुमारे 17 टक्के जमीन पडीक आहे. त्यात खरोखर बिघडलेली जमीन आहेच, क्षारपड आहे, खाणीने उकरलेली आहे. पण झुडपं असलेली मोकळी जमीन आणि उघडा कातळ हेही त्याच यादीत आहेत. म्हणजे लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक आणि चंडोल जिथे राहतात ती जमीन आणि मिठाने मेलेली जमीन एकाच रकान्यात.

तर वनस्पतींचं वर्गीकरण करणारा माणूस हे रकाने नीट करायचं काम करतो. या जमिनीवर कोणत्या वनस्पती एकत्र राहतात, का राहतात, आणि त्या एकत्र राहण्याला काय म्हणायचं, हा त्याचा प्रश्न.

ताट बघून गाव ओळखायचं

लोकांना वाटतं वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणजे झाडाचं नाव सांगणारा. ते झालं एका झाडाचं वर्गीकरण. इथे आपण बोलतोय ते आख्ख्या हिरव्या आच्छादनाचं, अनेक वनस्पती मिळून जो समूह होतो त्याचं.

समजा डोळ्यावर पट्टी बांधून तुम्हाला कुठेतरी जेवायला बसवलं आणि मग पट्टी काढली. ताटात नुसता भात दिसला तर गाव ओळखता येईल का? नाही, भात सगळीकडे असतो. पण भात, माशाचं कालवण आणि सोलकढी दिसली की तुम्ही म्हणणार कोकण. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही दिसलं की म्हणणार सोलापूर. एका पदार्थावरून नाही, जोडीवरून ओळखलं. आणि सोलकढी ही खूण झाली, भात ही खूण झाली नाही.

वनस्पतींचंही अगदी हेच आहे. बोर कुठेही उगवते, तिच्यावरून काही कळत नाही. पण हिवर, तरटी आणि त्यांच्या मधे कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं एकत्र दिसली की अभ्यासक म्हणतो हा सवाना. हा एकच जड शब्द लक्षात ठेवा. सवाना म्हणजे जिथे गवत मुख्य आहे, झाडं विरळ आहेत आणि त्यांच्यामधून ऊन थेट जमिनीवर पडतं. आपल्या भाषेत माळरान. ज्या वनस्पतींवरून असा समूह ओळखू येतो त्या खुणेच्या वनस्पती.

माळावर बसून हे लोक करतात काय

मी पाहिलं ते असं. एक मीटर बाय एक मीटरची चौकट, चार पाइप जोडून केलेली. ती जमिनीवर ठेवायची, कुठे ठेवायची ते आधीच ठरवलेलं असतं कारण नाहीतर माणूस फुलं दिसतील तिथेच ठेवतो. मग चौकटीच्या आतल्या प्रत्येक वनस्पतीचं नाव लिहायचं, ती किती टक्के जागा व्यापते त्याचा अंदाज लिहायचा, मातीची खोली, उतार, कातळ किती दिसतो, शेणाच्या गोवऱ्या किती, जळाल्याच्या खुणा आहेत का, सगळं. झाडांसाठी मोठी चौकट, साधारण दहा मीटर बाय दहा मीटर. एका चौकटीला कधी अर्धा तास जातो तर कधी दीड तास, कारण फूल नसलेलं गवत ओळखणं म्हणजे पिन कोडशिवाय पत्ता शोधणं, पेरं, पानाच्या बुडाची लव, वास, सगळं बघावं लागतं. आमच्यासोबतच्या मेंढपाळ मामांनी लांबूनच दोन गवतं वेगळी सांगितली, कोणतं मेंढी खाते आणि कोणतं सोडते त्यावरून, आणि नंतर भिंगाखाली ती खरंच वेगळी निघाली.

ज्याचं नाव जमत नाही त्याचा नमुना वर्तमानपत्रात दाबून वाळवायचा आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागासारख्या ठिकाणच्या वनस्पतीसंग्रहात जाऊन जुन्या नमुन्यांशी ताडून बघायचा. वनस्पतीसंग्रह म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींची लायब्ररी, प्रत्येक पानावर कोणी, कधी, कुठे गोळा केलं ते लिहिलेलं. शंभर वर्षांपूर्वी एखादी वनस्पती अमुक टेकडीवर होती हे आज आपल्याला कळतं ते या कागदांमुळे.

अशा शेकडो चौकटी झाल्या की एक मोठा तक्ता होतो, आडवे ठिकाणं आणि उभी नावं. मग सारखी ठिकाणं शेजारी आणायची. पूर्वी हे कागदाच्या पट्ट्या कापून हाताने करायचे, स्वित्झर्लंडचे ब्राउन-ब्लांके यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत बसवली, आता कॉम्प्युटर करतो. तक्ता नीट लागला की गट आपोआप डोळ्यासमोर येतात. त्यात कुणाच्या आवडीनिवडीचा भाग कमी होतो, आणि कोणीही दुसरा माणूस तिथे जाऊन ते तपासू शकतो. 'मला हा माळ पडीक वाटतो' आणि 'या 200 चौकटींत अमुक खुणेच्या वनस्पती आहेत' यातला फरक हा आहे.

मग आधीचं वर्गीकरण चुकीचं होतं का?

पूर्ण चुकीचं नाही, पण ते कोणी आणि कशासाठी केलं ते बघायला हवं. आपल्याकडे वनखात्यात आजही वापरतात ते वर्गीकरण चॅम्पियन यांनी 1936 मध्ये केलं आणि चॅम्पियन आणि सेठ या दोघांनी 1968 मध्ये सुधारलं. काम प्रचंड मोठं आहे, पाऊस, तापमान, झाडं सगळ्याचा विचार करून आख्ख्या देशाचे जंगलप्रकार लावलेत. पण ते लावणारे वनअधिकारी होते, आणि वनखातं इंग्रजांनी उभं केलं ते मुळात लाकडासाठी, रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि जहाजांसाठी. लाकूड हे मोजमाप असेल तर जिथे लाकूड नाही ती जागा कमी दर्जाचीच दिसणार. त्यांच्या यादीत कोरडं गवताळ रान आणि झुडपी रान यांना जे संकेत दिलेत त्यात इंग्रजीतली 'डीएस' ही अक्षरं येतात आणि त्यांचा अर्थ आहे 'ऱ्हासाची अवस्था'. म्हणजे नावातच निकाल दिलेला आहे, की हे मूळचं जंगल होतं आणि माणसाने ते मोडलं.

आता वनक्षेत्राचा सरकारी अहवाल बघा. एक हेक्टर किंवा जास्त जागा आणि तिच्यावर झाडांची सावली 10 टक्के किंवा जास्त, की ते 'वनाच्छादन' धरतात, जमीन कोणाची आणि झाड कोणतं हे न बघता. त्यामुळे हापूसची बाग त्यात मोजली जाऊ शकते, आणि जिथे हिवराची चार झाडं विखुरलेली आहेत असा आख्खा माळ 'झुडपी' म्हणून बाहेर राहतो. सॅटेलाइटला सावली मोजता येते, सावलीखाली काय जगतं ते त्याला कळत नाही.

पण माळ म्हणजे तोडलेलं जंगलच ना?

हा सगळ्यात मोठा आणि रास्त आक्षेप आहे. आमची आज्जीपण म्हणायची पूर्वी इथे दाट झाडी होती. काही ठिकाणी ते खरंही आहे, सह्याद्रीच्या उतारावर तोड झालीच आहे.

पण आधी पाऊस बघा. महाबळेश्वरला वर्षाला साधारण 6000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माणदेशात 500 च्या आसपास. एकाच जिल्ह्यात बारापट फरक! मग दोन्हीकडे एकच जंगल असायला हवं हा हट्ट कशासाठी? कमी पाऊस, पातळ माती, अधूनमधून वणवा, चरणारी जनावरं, हे सगळं मिळून गवताला जिंकवतं. आणि ही गवतं काही काल आलेली नाहीत, उष्ण प्रदेशातली उन्हाला चटावलेली गवतं जगात साधारण 60 ते 80 लाख वर्षांपूर्वी पसरली, तेव्हा कुऱ्हाड हातात घेणारा माणूसच नव्हता.

दुसरा पुरावा मला फार आवडतो कारण तो आपल्याच भाषेत आहे. 2025 मध्ये दोन मराठी संशोधकांनी जुनं मराठी साहित्य, लोककथा, ओव्या असं सगळं चाळून त्यात कोणत्या रानवनस्पतींची नावं येतात ते काढलं. 44 रानवनस्पती सापडल्या आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश मोकळ्या रानातल्या, दाट जंगलातल्या नाहीत. त्यावरून त्यांनी म्हटलं की पश्चिम महाराष्ट्रातला सवाना निदान 750 वर्षं जुना आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेचं झाड दाखवतात ते तरटीचं. तरटी म्हणजे काटेरी, उन्हात वाढणारी, मोकळ्या रानातली. पंधराव्या शतकातल्या संताच्या आठवणीला जे झाड जोडलं गेलं ते माळावरचं आहे हो! आणि गावोगावचे वीरगळ आठवा, त्यात गाईगुरांसाठी लढून मेलेले वीर कोरलेत. इतकी गुरं होती म्हणजे चरायला गवत होतं.

अजून मागे जायचं तर 'जंगल' हाच शब्द घ्या. चरकसंहितेत जमिनीचे तीन प्रकार आहेत, जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ आणि दाट. जांगल म्हणजे कोरडा, भरपूर मोकळं आकाश असलेला प्रदेश, आणि तिथली झाडं म्हणून खदिर म्हणजे आपला खैर, असन, अशी नावं दिलीत. म्हणजे ज्या शब्दावरून आपला जंगल शब्द आला तो मुळात माळरानासाठी होता. हेही वनस्पतींचं वर्गीकरणच, आणि ते करणाऱ्याने मोकळ्या रानाला बिघडलेलं म्हटलं नव्हतं.

सडा म्हणजे अजून वेगळी गोष्ट

माळ आणि सडा यात गल्लत करू नका. सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, कासचं प्रसिद्ध आहे, कोकणात रत्नागिरी-राजापूरकडे सडेच सडे आहेत, पाचगणीचं टेबललँड आहे. मे महिन्यात तिथे गेलात तर काळाठिक्कर कातळ, अनवाणी पाय ठेवता येणार नाही. तोच सडा ऑगस्टमध्ये घोट्याएवढ्या पाण्यात आणि फुलांत बुडालेला असतो.

माती किती, तर काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. त्या मातीत पोषणही नाही, म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदूसारख्या वनस्पती किडे पकडून खातात. अभ्यासक इथे सडा हा एक तुकडा धरत नाहीत, त्याच्या आतही खोल्या आहेत म्हणतात. पाणी साठणारी डबकी वेगळी, पातळ ओली माती वेगळी, कातळातली भेग वेगळी, कडेची खोल माती वेगळी. वायतुरा डबक्यातच येतो, त्यातली सातारच्या नावाची जी जात आहे तिची नर आणि मादी झाडंसुद्धा वेगवेगळी असतात आणि ती मोजक्या पठारांवरच सापडते. टोपली कारवी कडेच्या मातीत, सात वर्षांनी एकदा फुलणारी. कोकणच्या सड्यांवर पहिल्या पावसात पांढरी दीपकाडी येते, ती दुनियेत कोकण पट्टा सोडून कुठेच नाही. आणि तिथेच सुरुंग लावून कातळ फोडतात, बाहेरून माती आणून टाकतात आणि आंबा-काजू लावतात. कागदावर ती जमीन सुधारली. खोल्या मात्र सगळ्या गेल्या.

कासला 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामुळे ते निदान डोळ्यासमोर तरी आहे. बाकीच्या सड्यांना कोण विचारतं.

एखादं फूल बागेत नेऊन वाचवलं की झालं ना?

हाही नेहमीचा प्रश्न. याचं उत्तर शिवसुमनमध्ये आहे. काहीजण तिला शिंदळ माकुडी म्हणतात. डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात जुन्नरजवळ तिची नोंद केली आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर फ्रेअर यांचं नाव दिलं. शिवनेरीच्या कड्यावर, तशाच आणखी काही मोजक्या कड्यांवर ती लटकून वाढते, मांसल खोड, पावसाळ्यात पानं, किरमिजी चांदणीसारखं फूल. 1980 च्या दशकात जगातल्या सगळ्यात धोक्यातल्या 12 वनस्पतींच्या यादीत तिचं नाव होतं.

तिची फांदी तोडून लावली तरी ती जगते, त्यामुळे आज बागांमध्ये ती भरपूर आहे. मग वाचली का? अर्धी वाचली. फांदीपासून केलेली शंभर रोपं म्हणजे एकाच कागदाच्या शंभर झेरॉक्स. एक रोग त्या एकीला मारू शकला तर तो शंभरांनाही मारेल. बियांपासून येणारं वैविध्य कड्यावर तयार होतं, आणि त्यासाठी परागीभवन करणाऱ्या माश्या लागतात, माश्यांना जगायला आजूबाजूचं रान लागतं. बाग आणि बियाणं साठवणारी बँक म्हणजे आपली एफडी समजा, अडचणीला लागतेच, ती असायलाच हवी. पण रोजचं घर पगारावर चालतं आणि पगार म्हणजे ते रान. म्हणून संवर्धन करणारा आधी वर्गीकरण मागतो. कोणता समूह वाचवला तर किती दुर्मिळ वनस्पती आपोआप वाचतील हे त्यालाच तर कळतं.

'धोक्यात' हे ठरवतं कोण?

एखादी वनस्पती धोक्यात आहे हे कुणाच्या मनावर नसतं. आययूसीएन या जागतिक संस्थेची लाल यादी आहे, 1964 पासूनची, आणि तिचे आकड्यांचे निकष ठरलेले आहेत. ढोबळ सांगायचं तर नकाशावर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन पाडायचे, वनस्पती किती चौकोनांत आहे ते मोजायचं. व्यापलेली जागा 10 चौरस किलोमीटरपेक्षा कमी आणि तीही तुकड्यांत आणि घटत चाललेली, तर ती सगळ्यात गंभीर वर्गात जाऊ शकते, अजून पूर्ण गेलेली नाही पण आयसीयूमध्ये आहे असं समजा. माहितीच पुरेशी नसेल तर तसाही एक वेगळा वर्ग आहे, आणि आपल्या कितीतरी वनस्पतींची तपासणीच झालेली नाही. 2014 पासून नुसत्या प्रजाती नाहीत तर आख्ख्या परिसंस्थांसाठीही अशी लाल यादी आली. पण तिथे तुमचा माळ नोंदवायचा तर आधी त्याला नाव हवं आणि सीमा हवी. फिरून गाडी वर्गीकरणावरच येते.

आणि माहिती किती अपुरी आहे बघा. 2022 मध्ये आलेल्या एका अभ्यासात द्वीपकल्पीय भारताच्या सवानात फक्त तिथेच सापडणाऱ्या 206 वनस्पती मोजल्या, त्यातल्या 43 टक्के मागच्या साधारण वीस वर्षांतच विज्ञानाला कळलेल्या. ज्या जमिनीला आपण रिकामी म्हणतो तिथे अजून नव्या वनस्पती सापडतायत.

पण झाडांनी कार्बन साठतो, त्याचं काय?

साठतो, खरंय. पण झाडाचा कार्बन बराचसा जमिनीच्या वर असतो आणि वणवा आला की जातो. गवताचा बराचसा मुळांत आणि मातीत असतो, वरचं गवत जळालं तरी खालचं राहतं आणि पहिल्या पावसात परत हिरवं. माळावर जेसीबीने चर खणले की तीच माती उघडी पडते. शिवाय 500 मिलिमीटर पावसात दाट लावलेली झाडं पाणी कुठून आणणार?

म्हणून आकड्यांची काळजी वाटते. केंद्राची ग्रीन क्रेडिट योजना 2023 मध्ये आली, 2024 च्या नियमात बिघडलेल्या जमिनीवर हेक्टरी किमान 1100 झाडं असा हिशोब होता, पुढे नियम बदलले. नियम बदलतील, योजना बदलतील, पण 'बिघडलेली' या शब्दात माळ बसवला तर हेक्टरी कितीही झाडं लावा, माळ मरणारच. झाडांची सावली पडली की उन्हातलं गवत जातं, गवत गेलं की चंडोल जातो, मेंढपाळांचं कुरण जातं.

म्हणजे माळाला हातच लावायचा नाही?

असंही नाही. माळ हे चरण्यासोबत वाढलेलं रान आहे. कुंपण घालून चराई एकदम बंद केली तर उंच गवत माजतं आणि बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, कासच्या कुंपणावरून नेमका हाच वाद झाला होता. उलट अति चराई झाली तर चांगली गवतं संपून नुसती कुसळी उरते. किती जनावरं, कोणत्या महिन्यात, हे जागा बघून ठरवावं लागतं आणि धनगर लोकांना ते पिढ्यानपिढ्या माहीत आहे, त्यांना बैठकीला बोलवा एवढंच मागणं. वेडी बाभूळ आणि घाणेरी उपटायचं काम तर कुणीही करू शकतं, ते खड्डे घेण्याइतकंच घाम काढणारं आहे.

झाडं लावायचीच असतील तर रस्त्याकडेला लावा, शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, गावात, शाळेच्या आवारात, जिथे खरंच जंगल होतं आणि तुटलं त्या उतारावर तिथलीच झाडं लावा. लावायच्या आधी एक पावसाळा ती जागा नुसती बघा. सप्टेंबरमध्ये जाऊन मोबाइलवर फोटो काढा, तारीख आणि ठिकाण नोंदवा, जवळच्या कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा, आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाका. फक्त कंदीलपुष्प किंवा शिवसुमनसारखं काही दुर्मिळ दिसलं तर नेमकं लोकेशन सगळ्यांना दिसेल असं ठेवू नका आणि ग्रुपवर तर अजिबात पाठवू नका, कंद उकरून नेणारे लोक तेही वाचत असतात.